हाताला लागतं ते आणि चेंडूला लागतं ते

गेल्या आठवड्यात बंगळूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, जपानी आयर्नचा सेट घ्यायचा विचार आहे. मिउरा घेऊ की मिझुनो? तू जपानच्या इतक्या फेऱ्या मारल्यास, तूच सांग." हा मुलगा दीड वर्षापूर्वी गोल्फ खेळायला लागला. कचेरीतल्या साहेबांनी नाद लावला. आता सात-आठ लोखंडी काठ्यांवर दोन महिन्यांचा पगार घालवायला निघाला आहे. मी म्हटलं, "थांब जरा, सविस्तर लिहून कळवतो."

लिहायला बसलो आणि वाटलं, हे एकट्या भाच्यालाच कशाला सांगायचं? या पानावर जागर, जत्रा, नाटक, भजन यांवर लिहीत आलो. गोल्फ इथे कुठून उपटला, असं काही वाचकांना वाटेल. पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. एखादी वस्तू हाताला फार चांगली लागते. ती कामालाही तितकीच चांगली असते का? आणि नसेल, तर त्या चांगलं लागण्याची किंमत किती?

ज्यांनी गोल्फ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. लांब मारायचा तो ड्रायव्हर, भोकापाशी चेंडू हळूच ढकलायचा तो पटर, आणि मधल्या सगळ्या अंतरांसाठी नंबर घातलेल्या लोखंडी काठ्या, म्हणजे आयर्न. जपानी काठ्यांचं जे कौतुक जगभर चालतं ते मुख्यतः या आयर्नचं. आणि त्या कौतुकात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : 'फील'. जपानी लोक त्याला 'दाकान' म्हणतात. फटका बसला की हाताला जे कळतं ते दाकान.

मला हा दाकान पहिल्यांदा कळला तो कोबेला. मी तारवटी माणूस. उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेला. कोबे बंदरात बोट लागली की आम्ही दोघे-तिघे शहरात भटकायला जायचो. जपानमधला पहिला गोल्फ क्लब याच कोबेजवळ, रोक्को डोंगरावर, आर्थर ग्रूम नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १९०३ साली काढला. पण डोंगरावरच्या मैदानात आम्हांला कोण घेणार? आम्ही जायचो सरावाच्या जागी. ज्यांनी जपान पाहिला आहे त्यांना ते हिरव्या जाळ्यांचे उंचच उंच पिंजरे आठवत असतील. दोन-तीन मजली सज्जे, प्रत्येक सज्ज्यात माणसं ओळीने उभी, आणि जो तो आपापला चेंडू जाळीत मारतोय. जागा महाग, त्यामुळे कितीतरी जपानी माणसांचा गोल्फ या पिंजऱ्यातच अधिक होतो.

तिथे शेजारी मारणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी माझी भाड्याची काठी पाहिली, हसले, आणि आपला सात नंबरचा आयर्न पुढे केला. दहा-बारा फटके असेच गेले. मग एक बसला, आणि हाताला काहीच लागलं नाही! धक्का नाही, झिणझिण्या नाहीत. शहाळ्याच्या देठाशी धारदार कोयता रुतावा तसा एक 'थप्' आवाज, आणि चेंडू जाळीच्या वरच्या टोकाला. मी त्या काठीकडे बघत राहिलो. पुढच्या फेरीत जुन्या वस्तूंच्या दुकानातून तसाच एक सेट घेतला. पातळ पाठीचे, सरळ पात्याचे, चकचकीत ब्लेड. केबिनमध्ये रोज तेलाच्या फडक्याने पुसायचो.

आणि त्या काठ्यांनी माझा खेळ पुरता बिघडला.

दोष काठ्यांचा नव्हता. ब्लेडचं सगळं वजन मधोमध एकवटलेलं असतं. चेंडू बरोबर मध्यावर बसला तर स्वर्ग. बोटभर बाजूला बसला तर पातं हातात वळतं, चेंडू आखूड पडतो आणि मनगटापर्यंत कळ जाते. माझे दहातले दोन मध्यावर बसायचे. उरलेले आठ पाण्यात, झाडीत, वाळूत. मग एका मित्राने अमेरिकन बनावटीचे, ओतीव पोलादाचे, पाठीमागून पोकळ असलेले आयर्न दिले. वजन कडेकडेने पसरलेलं, त्यामुळे चुकलेल्या फटक्यालाही पातं फारसं वळत नाही. कार्स्टन सॉल्हाइम या अभियंत्याने पिंग कंपनी काढून हा कडेला वजन देण्याचा विचार रुजवला. आता तो सगळ्यांनीच उचलला आहे. माझी धावसंख्या म्हणा हवं तर, पहिल्याच महिन्यात सुधारली. पण हाताला काही कळेना. चांगला बसला तरी तेच, वाईट बसला तरी जवळपास तेच.

आता यातलं खरं काय? इंजिनिअर माणूस, म्हणून जरा खोलात जातो. कंटाळू नका.

चेंडू आणि पातं एकमेकांना चिकटून असतात ते सुमारे अर्धा हजारांश सेकंद. हाताला लागलेलं मेंदूपर्यंत पोचायला वीसेक हजारांश सेकंद तरी जातात. म्हणजे 'वा!' असं आपल्याला वाटेपर्यंत चेंडू काठीपासून मीटरभर पुढे गेलेला असतो. त्याचं जे व्हायचं ते ठरून गेलं. आपल्या वाटण्याने त्यात केसभरही फरक पडत नाही. तेव्हा 'या काठीचा फील इतका छान की चेंडू लांब जातो' असं कुणी म्हणालं तर खुशाल दुर्लक्ष करावं. चेंडू लांब जातो तो काठीच्या वेगाने, पात्याच्या कोनाने आणि फटका मध्यावर बसल्याने.

दुसरी गोष्ट 'मऊ' पोलादाची. जपानी घडीव आयर्न कमी कार्बनच्या मऊ पोलादाचे असतात, पाव टक्क्याच्या आसपास कार्बन असलेल्या. म्हणून ते हाताला मऊ लागतात, असं दुकानदार सांगतो. पण पोलाद मऊ असो की कडक, त्याचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. मऊपणा म्हणजे ओरखडा किती लवकर पडेल, ठोकलं तर किती वाकेल. चेंडू पोलादापेक्षा कितीतरी मऊ. तो दबतो, पोलाद नव्हे. हाताला जे मऊ लागतं त्यात पोलादाच्या जातीपेक्षा पात्याच्या आकाराचा, चेंडूमागे किती धातू आहे त्याचा आणि मुख्य म्हणजे आवाजाचा वाटा मोठा. इंग्लंडमधल्या लाफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली फटक्याच्या आवाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फटक्याचा आवाज कसा लागला आणि फटका कसा वाटला, या दोन्हींचं नातं खेळाडूंच्या उत्तरांत अगदी जवळचं निघालं. मी स्वतः कानात इंजिनरूममधले बोळे घालून मारून पाहिलं आहे. माझ्या लाडक्या ब्लेडची निम्मी जादू तिथेच उतरली.

मऊ पोलादाचा एक फायदा मात्र खरा आहे, आणि तो जाहिरातीत शेवटच्या ओळीत असतो. ते वाकवता येतं. ज्याची उंची, ज्याचे हात जसे, त्याप्रमाणे काठीचा कोन अंश-दोन अंश इकडेतिकडे करून घेता येतो. काही कडक ओतीव पोलादं असं वाकवून घ्यायला तयार नसतात.

तिसरी गोष्ट सामुराईंच्या तलवारीची. कुठलाही जपानी आयर्न विकायला आला की मागोमाग तलवार येतेच. आता बघा, तलवारीचं पोलाद जास्त कार्बनचं, पुन्हा पुन्हा घडी घालून ठोकलेलं, पाण्यात विझवून धार कडक केलेलं. आयर्नचं पोलाद कमी कार्बनचं. तापवलेली कांब साच्यात ठेवून यंत्राच्या घणाने दाबलेली, मग घासून, पॉलिश करून आणलेली. दोन्हींत अग्नी आणि घण सोडले तर समान फार थोडं. खरी गोष्ट याहून साधी आणि मला तरी जास्त आवडणारी आहे. हिमेजीच्या परिसरात लोखंडकाम करणारे कारागीर होते. १९३०च्या सुमारास त्यांच्यापुढे परदेशी काठ्या ठेवल्या गेल्या आणि त्यांनी तशा घडवायला घेतल्या. हिमेजीच्या उत्तरेचं इचिकावा हे गाव आज स्वतःला जपानी आयर्नचं जन्मगाव म्हणवतं.

हे वाचताना मिरज आठवली ना? मलाही आठवली. मिरजेचे शिकलगार तलवारी-भाल्यांना पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी आटली तेव्हा त्यांच्यातले काही तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मिरजेच्या तंबोऱ्यात तलवार आहे म्हणून तो चांगला, असं कुणी म्हणत नाही. तो चांगला, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी जवारीवर कान लावून बसलं.

जपानी आयर्नचंही तेच. कान लावून बसण्यात तिथल्या प्रत्येक घराची तऱ्हा मात्र वेगळी, आणि भाच्याचा प्रश्न इथे येतो.

मिझुनो ही ओसाकाची, १९०६ सालची कंपनी. तिचे घडीव आयर्न हिरोशिमात होतात. एकाच कांबेतून पातं आणि मान अशी अखंड घडवायची, हा त्यांचा आग्रह. कंपन मोजून पात्याचा आवाज हवा तसा लांबवण्याचं कामही ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. २०१९च्या एमपी-२० मध्ये तर वरच्या मुलाम्याखाली तांब्याचा पातळ थर होता. माझ्या हाताला मिझुनोचा फटका भरीव लागतो. आवाज किंचित रेंगाळतो, आणि कुठे चुकलं ते स्पष्ट सांगतो.

मिउरा हे हिमेजीकडचं छोटं, घरचं घर. कात्सुहिरो मिउरा या कारागिराच्या नावाने चालणारं. त्यांची रीत वेगळी : पातं आधी घडवायचं आणि मान मागाहून वेगाने फिरवून घर्षणाने जोडायची. माझ्या अनुभवात मिउराचा आवाज मिझुनोहून दबका आणि आखूड. 'थप्' झालं, संपलं. काहींना हाच सर्वांत शुद्ध वाटतो. मला तो जरा अबोल वाटतो.

स्रिक्सन हे सुमितोमो रबर या टायर बनवणाऱ्या कंपनीचं अपत्य. त्याच घरातलं दुसरं नाव झेक्सिओ, सन २००० मध्ये आलेलं. आणि इथे 'जपानी फील' नावाची समजूतच कोसळते. झेक्सिओ ही जपानमधल्या सामान्य, मध्यमवयीन, सावकाश मारणाऱ्या माणसाची काठी. हलकी, आणि ड्रायव्हरचा आवाज लख्ख, उंच, देवळातल्या घंटेसारखा. तो आवाजही मुद्दाम घडवलेला. बाहेरचं जग ज्या दबक्या 'थप्'वर जपानचा शिक्का मारतं, त्याच्या अगदी उलट. होन्मा याहून निराळी : यामागाता प्रांतातल्या साकाता गावची, ताऱ्यांनी दर्जा सांगणारी, वरच्या दर्जाला सोन्याचा मुलामा देणारी. ती पुष्कळदा प्रतिष्ठेसाठी घेतली जाते, आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

भरीस भर म्हणजे निइगाता प्रांतातलं त्सुबामे. काटे-चमच्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथली एंडो कंपनी दुसऱ्यांच्या नावाने आयर्न घडवून देत आली आहे, आणि तिचा कारखाना थायलंडमध्येही आहे. तेव्हा जपानी नाव दिसलं म्हणजे जपानी हात, आणि परदेशी नाव दिसलं म्हणजे परदेशी हात, असं समजण्यात अर्थ नाही.

बरं, कामगिरीचं काय? मिझुनोच्या बाजूने मोठे साक्षीदार आहेत. टायगर वुड्सने १९९७ची मास्टर्स बारा फटक्यांनी जिंकली तेव्हा त्याच्या पिशवीत मिझुनोचे आयर्न होते. नायकेने २०१६ साली काठ्या बनवणं थांबवलं. मोकळ्या झालेल्या ब्रूक्स केप्काने मिझुनो उचलले आणि २०१७ व २०१८ या दोन्ही वर्षी यूएस ओपन जिंकली. हिदेकी मात्सुयामाने २०२१ साली स्रिक्सनच्या आयर्नने मास्टर्स जिंकली. इतकी मोठी स्पर्धा जिंकणारा तो पहिला जपानी पुरुष. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, २०१९ साली, हिनाको शिबुनो या जपानी मुलीने ब्रिटिश ओपन जिंकली. १९७७च्या हिसाको हिगुचीनंतर बेचाळीस वर्षांनी एका जपानी खेळाडूने मोठी स्पर्धा जिंकली होती. आणि तिच्या पिशवीत काय होतं? अमेरिकेच्या पिंगच्या काठ्या! साक्षीदारांच्या जोरावर हा खटला सुटायचा नाही.

दुकानातल्या आकड्यांवरही सुटायचा नाही. 'हा सात नंबर त्या सात नंबरहून वीस यार्ड लांब जातो' असं सांगतात. कोन विचारावा. पारंपरिक सात नंबरचा कोन चौतीस अंशांच्या आसपास असतो. लांब मारणाऱ्या नव्या सेटमध्ये तो तिशीच्याही आत आलेला असतो. म्हणजे जुना सहा किंवा पाच नंबरच सात म्हणून विकला जातो. शर्टाच्या कॉलरवरचा आकडा बदलून पोट कमी होत नाही!

आणि एक गोष्ट तर हातात घेऊन कळतच नाही. जपानी खेळाडू दाकानबरोबर 'नुके' पाहतात, म्हणजे काठीचा तळ गवतातून कसा निसटतो ते. तळाची घासाई त्यासाठी. पण जपानच्या कितीतरी मैदानांवर कोराई नावाचं ताठ, दाट गवत असतं. चेंडू त्यावर खुंटीवर ठेवल्यासारखा बसतो. आपल्याकडे बर्म्युडा, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वाच. त्यात चेंडू खाली रुततो, पावसाळ्यानंतर माती वेगळी, उन्हाळ्यात आणखी वेगळी. तिथल्या गवतासाठी घासलेला तळ इथे तसाच निसटेल याची हमी कोण देणार? म्हणून पिंजऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या चटईवर मारून काठी पसंत करणं म्हणजे फोटो पाहून सोयरीक जमवण्यासारखं आहे.

मग फील हे सगळं थोतांडच का? नाही. इथेच माझं मत सांगून टाकतो.

इंजिनरूममध्ये आम्ही चालत्या पंपाच्या बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचो आणि मुठीला कान लावायचो. बेअरिंग गेलं असेल तर आवाजात खरखर यायची. त्या ऐकण्याने पंप जास्त पाणी फेकत नसे. पण पुढचं बंदर येण्यापूर्वी काय करायला हवं ते कळायचं. काठीचा फील तसा आहे. तो या फटक्याला काही देत नाही. तो पुढच्या फटक्यासाठी आहे. चेंडू टाचेकडे बसला की टोकाकडे, जाड बसला की पातळ, हे न बघता सांगतो. जो रोज सराव करतो, ऐकलेलं लक्षात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सुधारतो, त्याच्यासाठी मिझुनोचं ते बोलकं पातं पगार मोलाचं आहे. जो महिन्यातून दोन रविवार खेळतो त्याला रोज खरं बोलणारा गुरू काय कामाचा? त्याला चूक पोटात घालणारी आजीच हवी.

आपल्याकडे दोन पंथ आहेत. एकाला हातघडीव म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. मोजणं म्हणजे त्याला पाप वाटतं. दुसऱ्याला मोजपट्टीत न बसणारं सगळं भाबडेपण वाटतं. घुमट असो, तंबोरा असो की गोल्फचा आयर्न, मला दोन्ही पंथ आळशी वाटतात. मोजता येतं ते मोजावं, आणि कानाला कळतं ते कशासाठी कळतं हे विचारावं. चांगल्या कारागिराने दोन्ही केलेलं असतं. त्याचं कौतुक तलवारीच्या गोष्टींनी करणं म्हणजे त्याच्या खऱ्या कामाकडे पाठ फिरवणं.

तेव्हा भाचेबुवा, मिउरा की मिझुनो याचं उत्तर : दोन्ही नको, आत्ता तरी. पोकळ पाठीचा, चुका सोसणारा सेट घे. जपानी असला तरी चालेल, नसला तरी चालेल. कोन विचारून घे. माणसाकडून मापं काढून घे. आणि गवतावर मारल्याशिवाय पैसे देऊ नकोस. उरलेल्या पैशांत वर्षभर शिकवणी लाव.

माझं म्हणशील, तर गेल्या वर्षी डाव्या अंगठ्याचा सांधा धरला. डॉक्टर म्हणाले, धक्के टाळा. कोबेचे ब्लेड एका तरुण खेळाडूला देऊन टाकले. त्याचे दहातले सात मध्यावर बसतात. त्या काठ्या त्याच्याशी बोलतील. सात नंबर तेवढा ठेवून घेतला. संध्याकाळी अंगणात माडाखाली उभा राहून वाळलेली पोफळं त्याने हळूच मारतो. पाचदहा मारली की एखादं मध्यावर बसतं. हाताला काहीच लागत नाही.

पुढच्या सुट्टीत येशील तेव्हा मारून बघ. विकत घेण्यापूर्वी एकदा तरी ते कळायला हवं.